रास्पबेरीची तोडणी: पाड हाताला कळतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या, सिएटलजवळच्या रेडमंडच्या घरामागे आधीच्या मालकानं लावलेली रास्पबेरीची वीसेक फुटांची रांग आहे, जूनअखेरपासून फळं चालू आहेत. काही लाल फळं ओढूनही सुटत नाहीत, काही हातातच भुगा होतात. काढलेली फळं फ्रिजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशी करडी बुरशी, आणि परवा मिठाच्या पाण्यात टाकली तर पांढऱ्या अळ्या तरंगल्या. फळं संपल्यावर काय कापायचं ते ठाऊक नाही. आणि शेवटी, याचं रोप पुण्याला आईच्या बाल्कनीत येईल का.

प्रश्न पाच-सहा दिसतात, पण पुण्याचा आणि छाटणीचा सोडला तर बाकीच्यांचं मूळ बरंचसं एकच आहे, ते म्हणजे या फळाची घडण. एक नीट पिकलेलं फळ काढून उलटं धरा. आत पोकळ, अगदी शिवणकामाच्या अंगुस्तानासारखं. ज्यावर ते बसलं होतं तो पांढरा निमुळता गाभा झाडावरच राहिलेला दिसेल. भिंगातून पाहिलंत तर फळ म्हणजे साठ-सत्तर किंवा त्याहून जास्त बारीक मण्यांचा गोल आहे. प्रत्येक मणी म्हणजे आंब्यासारखंच एक पूर्ण फळ: वर पातळ साल, मध्ये गर, आत इवलीशी कोय. हे मणी एकमेकांना जेमतेम चिकटलेले असतात, मध्ये बारीक लव गुंतलेली असते, एवढाच काय तो आधार. सगळ्यांवरून एक साल नाही, आत गाभा नाही. ब्लॅकबेरीत गाभा फळाबरोबर येतो, म्हणून ती चार दिवस तग धरते. रास्पबेरी झाडावरून सुटली की तिला आतून टेकू नाही.

आता न सुटणाऱ्या फळांचं. फळ पिकत आलं की ते आणि गाभा यांच्यामधला सांधा आपोआप सैल होतो. तो सैल होईपर्यंत फळ लाल दिसलं तरी ते पाडाला आलेलं नसतं. आपल्याला आंब्याची सवय, पाडाला आला की उतरवायचा आणि आढीत घालायचा. रास्पबेरीला आढी नाही. काढल्यावर तिचा रंग थोडा गडद होतो, थोडी मऊ पडते, पण गोडी वाढत नाही. आंबट काढलीत तर आंबटच खाल. म्हणून डोळ्यानं फक्त निवड करायची, निर्णय बोटांवर सोडायचा. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांच्या पेरांत फळ देठाकडच्या रुंद भागाशी धरा. टोकाशी धरलं की मणी पिचतात. किंचित कलतं करून ओढा. देवावरचं कालचं फूल उचलायला लागतो तेवढाच जोर. तेवढ्यानं आलं तर घ्या, नाही आलं तर सोडून द्या, उद्या येईल. झुबक्यात सर्वांत टोकाचं फळ आधी पिकतं, मग मागची एकेक करत आठ-दहा दिवसांत येतात. त्यामुळे द्राक्षासारखा घड कापायचा मोह नको.

रंगावर किती विसंबायचं हे वाणावर आहे. विलामेट गडद, जवळजवळ काळपट लाल होते, तेव्हाच चवीला येते. तुलामीन पूर्ण पिकल्यावरही चमकदार फिकट लालच राहते, तिचा रंग गडद व्हायची वाट पाहिलीत तर फळ हातचं जाईल. मीकर या दोघींच्या मधली. तुमच्या राज्यात विलामेट आणि मीकर फार जुन्या आणि घरोघरी असलेल्या, म्हणजे तुमची यातलीच एखादी असण्याची शक्यता बरीच. सोनेरी वाणात पिवळ्यावर जर्दाळूसारखी छटा आली की समजावं. सगळ्यांत समान खूण अशी की कच्च्या फळाला तकाकी असते, पिकल्यावर ती किंचित मंदावते आणि मणी फुगून एकमेकांपासून उठून दिसू लागतात. तकाकी पूर्ण गेली, रंग मातकट झाला, बोट लावताच रस आला, तर वेळ टळली.

गडद झालेली, थोडी सुकलेली फळंही सुटत नसतील तर मात्र गोष्ट वेगळी. कडक उन्हाचे दोन-तीन दिवस येऊन गेले असतील तर फळं गाभ्यावरच आकसतात. २०२१ च्या जूनअखेरीस सिएटलला ४२ अंश सेल्सिअसपर्यंत पारा गेला, तेव्हा त्या भागातल्या रास्पबेरीच्या मळ्यांत फळं झाडावरच भाजली. पण ऊन नसताना एखाद्याच काठीची, म्हणजे जमिनीतून वर आलेल्या एखाद्या दांड्याची, पानं मलूल आणि फळं सुकलेली असतील तर त्या काठीच्या बुडाशी पाहा. साल काळपट-तपकिरी, खचलेली असेल तर ती काठी गेली, खालून कापून टाका. बाजूबाजूच्या बऱ्याच काठ्या अशा दिसत असतील आणि जमीन चिकण, पाणी साठणारी असेल, तर मूळकुज आहे. तिथे पुन्हा रास्पबेरी लावायची तर फूटभर उंच गादीवाफ्यावर लावा, त्याच खड्ड्यात नको.

तोडणी कधी, याला एकच उत्तर: सकाळी, दव सुकल्यावर आणि ऊन तापण्याआधी. ओलं फळ काढू नये. मण्यांच्या खाचांत अडकलेलं पाणी पुसता येत नाही आणि तिथेच बुरशी धरते. संध्याकाळी काढायची वेळ आली तर फळ दिवसभराची उष्णता घेऊन येतं, लगेच थंडीत न्या. किती दिवसांनी? थंड हवेत दोन-तीन दिवसांआड, तापमान २५ अंशांच्या वर गेलं की रोज. वीस फुटांची रांग भर हंगामात नेमानं तोडायला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. चार दिवस चुकवलेत तर पुढच्या वेळी निम्मी मेहनत सडकी फळं काढण्यात जाते.

रांगेच्या एका बाजूनं चालत जा, पानं उचलून खाली बघा, मग उलट्या बाजूनं परत या. निम्मी फळं पानांखाली असतात आणि वरून चालताना दिसत नाहीत, उलट वाटेवर उकिडवं बसलं की एकदम डोळ्यांत भरतात. बाह्यांचा शर्ट घाला, काटे बारीक असले तरी हातभर ओरखडे निघतात.

भांडं ही किरकोळ वाटणारी बाब, पण खरं नुकसान इथेच होतं. बादली, खोल पातेलं, पिशवी यातलं काही नको. फळांचा थर दोन इंचांहून, म्हणजे तीन-चार फळांहून जास्त जाऊ देऊ नका. खालची फळं वरच्यांच्या वजनानं चपटी होतात, रस सुटतो, आणि एका फुटलेल्या फळाचा रस आजूबाजूच्या दहांना लावतो. तिकडे दुधाचा प्लास्टिकचा कॅन मिळतो, त्याचं वरचं तोंड तिरकं कापून, मूठ तशीच ठेवून, ती कमरपट्ट्यात अडकवतात, दोन्ही हात मोकळे राहतात. युक्ती चांगली आहे, पण त्यात सरळ फळं टाकू नका, आत मावेल असा उथळ डबा बसवा आणि तो भरला की बदला. एक दुसरा डबा सडक्या, बुरशी आलेल्या फळांसाठी ठेवा. ती झाडावर सोडायची नाहीत, जमिनीवर टाकायची नाहीत, आणि शक्यतो वेगळ्या हातानं काढायची. एका हाताला बुरशी लावून तोच चांगल्या फळांवर फिरवायचा म्हणजे आपणच पेरणी केल्यासारखं.

फ्रिजमधली बुरशी. करड्या, लोकरीसारख्या बुरशीचं नाव बोट्रायटिस. लोकांना वाटतं ती फ्रिजमध्ये लागली. प्रत्यक्षात ती बऱ्याचदा फुलातच शिरलेली असते. फुलोऱ्यात पाऊस झाला की पाकळ्या-पुंकेसरांवर ती बसते, फळ वाढताना गप्प राहते, आणि फळ पिकून साखर सुटली, मणी मऊ झाले की बाहेर येते. म्हणून वरून निरोगी दिसणारं फळ दुसऱ्या दिवशी केसाळ होतं. उपाय फ्रिजमध्ये कमी आणि रांगेत जास्त: काठ्या विरळ ठेवा, वारा खेळू द्या, पाणी वरून फवाऱ्यानं न देता बुंध्याशी ठिबकनं द्या. फळधारणेच्या काळात आठवड्याला साधारण एक ते दीड इंच पाणी लागतं, तेही तोडणी झाल्यावर द्यावं, आधी नाही.

काढलेल्या फळांचं म्हणाल तर तासाभरात थंड करा. रास्पबेरी श्वास जोरात घेणारं फळ आहे, उन्हात अर्धा तास ठेवलेला डबा म्हणजे एक दिवसाचं आयुष्य कमी. फ्रिजच्या दारात नको, सर्वांत खालच्या थंड कप्प्यात ठेवा. शून्य ते एक अंश हे आदर्श, घरच्या फ्रिजमध्ये दोन-तीन अंश मिळतात. पसरट डबा, तळाला कोरडा कागदी टॉवेल, फळं एकाच थरात, झाकण किंचित उघडं. धुवायची फक्त खायच्या वेळी, चाळणीत हलक्या धारेखाली. धुऊन ठेवली की संपलं. इतकं सगळं करूनही दोन ते तीन दिवस धरा. आठवडाभर टिकायला हवी असतील तर फळ बदला, पद्धत बदलून होणार नाही.

आता भुगा. यात दोन वेगळ्या तक्रारी एका शब्दात येतात. फळ लिबलिबीत होऊन चुरगळत असेल तर ते जास्त पिकलंय, रोज तोडा. पण फळ कोरडं, कडक, लहान असून हात लावताच मणी सुटे होऊन सांडत असतील तर फलधारणा अर्धवट आहे. प्रत्येक मण्यामागे फुलातला एक वेगळा स्त्रीकेसर असतो, त्याला पराग मिळाला तरच मणी भरतो. काही मणी भरलेच नाहीत तर शेजाऱ्यांना धरायला कुणी नाही, गोल टिकत नाही. फुलोऱ्यात सततचा पाऊस आणि थंडी, मधमाश्यांची वानवा, किंवा फुलावर मारलेलं कीटकनाशक ही नेहमीची कारणं. यंदा असं झालं आणि पुढच्या वर्षी सुधारलं तर विसरून जा. पण ठरावीक झाडांवर दरवर्षी तेच होत असेल तर रास्पबेरी बुशी ड्वार्फ नावाच्या विषाणूचा संशय घ्यावा. तो परागातून पसरतो, मीकरला सहज लागतो, विलामेटला लागत नाही. औषध नाही. ती झाडं मुळांसकट काढून, प्रमाणित विषाणूमुक्त रोपं लावणं एवढंच हाती आहे. याच कारणानं शेजाऱ्यानं प्रेमानं दिलेले फुटवे घेताना मी हात आखडता घ्यायला सांगतो. फळावर उन्हाच्या बाजूचे चार-दोन मणी पांढरे पडले असतील तर तो रोग नाही, ऊन लागलंय. चवीला फिके लागतात, खायला हरकत नाही.

अळ्यांनी घाबरून जाऊ नका, पण गंभीरपणे घ्या. ही ठिपकेदार पंखांची फळमाशी, शास्त्रीय नाव ड्रोसोफिला सुझुकी. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर २००८ मध्ये कॅलिफोर्नियात सापडली आणि वर्षभरात तुमच्या वॉशिंग्टनपर्यंत पोहोचली. केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटांसारखीच दिसते, फक्त नराच्या प्रत्येक पंखावर टोकाशी एक काळा ठिपका. साधी फळमाशी सडलेल्या फळाकडे जाते. हिच्या मादीकडे करवतीसारखं दातेरी अंडनिक्षेपक असतं, त्यानं ती झाडावरच्या, रंग धरू लागलेल्या चांगल्या फळाची साल चिरून आत अंडी घालते. दोन-तीन दिवसांत अळी, उबदार हवेत दहा-बारा दिवसांत नवी माशी. त्यामुळे जूनअखेरच्या फळांत क्वचित, जुलै-ऑगस्टमध्ये वाढत जाते, सप्टेंबरात कहर.

ओळखायची एक झटपट खूण आहे. फळ ओढल्यावर झाडावर राहिलेला गाभा बघा. स्वच्छ पांढरा असेल तर ठीक. त्यावर लाल रसाचा डाग पडला असेल तर आत अळी असण्याची शक्यता मोठी. मिठाच्या पाण्याची परीक्षा तुम्ही केलीच आहे. प्रमाण: एक कप कोमट पाण्याला एक मोठा चमचा मीठ, फळं हलकेच चिरडून पंधरा ते तीस मिनिटं. अळ्या पांढऱ्या, बिनपायाच्या, दोन-तीन मिलिमीटरच्या. फळाच्या आतल्या पोकळीत पिवळट-तपकिरी, डोकं स्पष्ट दिसणारी अळी असेल तर ती रास्पबेरी भुंगेऱ्याची, हंगामाच्या सुरुवातीला येते, ती वेगळी कीड. दोन्ही पोटात गेल्या तर अपाय नाही, मनाला जे होतं ते होतं.

करायचं काय? घरच्या वीस फुटांसाठी औषध फवारू नये असं माझं मत. फळं रोज खाण्यात, मधमाश्या रांगेवर, आणि माशीचा जन्मक्रम इतका लहान की एका फवारणीनं भागत नाही. त्याऐवजी रोज तोडा, एक दिवसाआडही नको. जास्त पिकलेलं आणि गळलेलं प्रत्येक फळ उचला. ते कंपोस्टमध्ये टाकू नका, पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन-तीन दिवस उन्हात ठेवा, मग कचऱ्यात. काढलेली फळं लगेच एक अंशाच्या आसपास तीन दिवस ठेवली तर अंडी आणि लहान अळ्या बहुतेक मरतात. घरच्या फ्रिजला ते जमलं नाही तर सरळ गोठवा. जाळी लावायची तर भोकं एक मिलिमीटरहून लहान हवीत आणि ती फुलोरा संपल्यावरच, नाहीतर माश्यांबरोबर मधमाश्याही बाहेर राहतील आणि तुमचा भुग्याचा प्रश्न दुप्पट होईल.

गोठवताना फळं ताटात सुटी पसरून दोन-तीन तास कडक होऊ द्या, मग पिशवीत भरा. सरळ पिशवीत भरलीत तर वीट होते. उणे १८ अंशांवर आठ-दहा महिने जातात, पण वितळल्यावर आकार राहत नाही, स्मूदी, श्रीखंड, जॅम यालाच वापरा. जॅमला किलोला ९०० ग्रॅम ते किलो साखर आणि एका लिंबाचा रस. चौथा हिस्सा फळं थोडी कमी पिकलेली घ्या, त्यांच्यात पेक्टिन जास्त असतं. नुसत्या अतिपिकल्या फळांचा जॅम सरबतासारखा पातळ राहतो. साखर पूर्ण विरघळल्यावरच जोराची उकळी आणा. १०४ ते १०५ अंशांवर जॅम होतो.

छाटणी. केळीचा घड उतरवला की तो खुंट कापतो आणि मुनवे वाढू देतो, तसंच इथे. रास्पबेरीचं मूळ वर्षानुवर्षं जगतं, पण काठी दोनच वर्षांची. पहिल्या उन्हाळ्यात हिरवा फोक वाढतो, दुसऱ्या उन्हाळ्यात त्यावर फळं येतात, आणि मग तो वाळतो. आत्ता तुमच्या रांगेत दोन्ही आहेत. ज्या काठ्यांची साल तपकिरी, सोलवटलेली आणि ज्यांच्या बाजूच्या फांद्यांवर सुकलेले पांढरे गाभे उरलेत, त्या फळून झाल्या. फळं संपली की त्या जमिनीलगत कापा, खुंट ठेवू नका. हिरव्या, गुळगुळीत काठ्यांना अजिबात हात लावू नका, पुढच्या वर्षीचं पीक त्यांच्यावर आहे. उन्हाळ्यात कात्री हातात आली की सगळी रांग भुईसपाट करणारे बरेच असतात, मग पुढच्या जूनमध्ये पानंच पानं.

एक गोष्ट मात्र थांबून पाहा. ऑगस्ट-सप्टेंबरात त्या हिरव्या काठ्यांच्या शेंड्याला फुलं-फळं लागली तर तुमचं वाण दोनदा फळणारं आहे, हेरिटेजसारखं. हे वाण कॉर्नेल विद्यापीठानं १९६९ मध्ये आणलं. तसं निघालं तर दोन वाटा आहेत. हिवाळ्यात फक्त फळून गेलेला शेंडा कापायचा, म्हणजे त्याच काठीच्या खालच्या भागावर पुढच्या जूनमध्ये पुन्हा फळं. किंवा फेब्रुवारीत सगळं जमिनीलगत कापून फक्त शरदाचं एकच पीक घ्यायचं. दुसरी वाट सोपी, पण तुमच्याकडे ठिपकेवाली माशी सप्टेंबरातच जोरात असते, म्हणून मी पहिली निवडेन.

फेब्रुवारीअखेर, कोंब फुगायच्या आधी, राहिलेल्या काठ्यांतून जाडजूड निवडून मीटरला दहा-बारा ठेवा, बाकीच्या काढा. जमिनीपासून ७५ आणि १५० सेंटिमीटरवर तार ताणून त्यांना बांधा, शेंडे वरच्या तारेच्या वितभर वर छाटा. रांगेची रुंदी फूटभरच राहू द्या, वाटेत आलेले फुटवे फावड्यानं उपटून टाका. कापले तर दोनाचे चार होतात. रांग अरुंद असली की मधली फळं हाताला येतात आणि वारा आरपार जातो, तोडणी आणि बुरशी दोन्हींचं निम्मं काम तिथेच होतं.

पुण्याचं उत्तर नाही असं आहे. लाल रास्पबेरीला हिवाळ्यात सात अंशांखालचे आठशे ते हजार-बाराशे तास लागतात, त्याशिवाय डोळे नीट फुटत नाहीत. पुण्याच्या हिवाळ्यात एवढी थंडी साठत नाही. शिवाय परदेशातून रोप सामानात घालून आणणं कायद्यात बसत नाही, त्याला आयात परवाना आणि विलगीकरण लागतं. महाबळेश्वरला मिळणारी लहान, काळपट रास्पबेरी ही वेगळी जात आहे, रूबस निव्हियस. सह्याद्रीत ती रानातही आढळते आणि तिला कडाक्याची थंडी लागत नाही. आईला हौसच असेल तर तिचं रोप मोठ्या कुंडीत, दुपारच्या उन्हापासून आडोशाला लावून पाहता येईल. फोक माणसापेक्षा उंच जाऊन कमानीसारखे वाकतात आणि काटे आकड्यासारखे असतात, म्हणून बाल्कनीपेक्षा गच्ची बरी. आईला एवढं जरूर सांगा: ती लाल झाली म्हणून खुडायची नाही. लाल ही तिची कच्ची अवस्था. जांभळट काळी झाली आणि बोट लावताच गाभ्यावरून निसटली की पिकली.